सोलरचं कोटेशन खालून वर वाचायचं

शेजारच्या काकी परवा दोन पानांचं कोटेशन घेऊन आल्या. मुलाने व्हॉट्सॲपवर मागवलेलं, त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलेलं. वर हसरा सूर्य, आणि खाली अक्षरांची नुसती उसळ: ३.२४ केडब्ल्यूपी, टॉपकॉन, बायफेशियल, हाफ-कट, डीसीआर, एमपीपीटी, डीसीडीबी, एसपीडी, एलए, प्री-जीआय. काकी म्हणाल्या, "डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं तरी मला थोडं लागतं. यातलं एक अक्षर कळेल तर शपथ."

असे कागद सध्या गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत घराघरांत फिरताहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० अशी सबसिडी मिळते. म्हणजे तीन किलोवॅटला ७८,०००, आणि त्यापुढे कितीही मोठं बसवा, आकडा तिथेच थांबतो. म्हणून बहुतेक कोटेशनं नेमकी तीन किलोवॅटची असतात.

शेजारीपाजाऱ्यांची अशी कोटेशनं वाचून माझं एक मत झालंय. झगमगीत शब्द वर असतात आणि आपल्या हवेत ते सगळं किती वर्षं टिकेल हे ठरवणारे शब्द तळाशी, बारीक टायपात. म्हणून मी ते खालून वर वाचतो. पण तळ समजायला आधी वरचे चार शब्द लागतात, तेव्हा सुरुवात वरूनच करू.

त्याही आधी एक घोळ. "आमच्याकडे सोलर आहे" असं म्हणणाऱ्या कित्येकांच्या टेरेसवर काचेच्या नळ्या आणि वर आडवी टाकी असते. तो पाणी तापवणारा हिटर. तो वीज करत नाही, त्याला इन्व्हर्टर (सोलरची वीज घरच्या विजेसारखी करणारी पेटी) लागत नाही, आणि या लेखाशी त्याचा संबंध नाही. इथे बोलायचंय ते वीज करणाऱ्या प्लेटींबद्दल.

## किलोवॅट म्हणजे धार, युनिट म्हणजे कळशी

नळाची धार जाड की बारीक हे एक, आणि कळशीत किती पाणी जमलं हे दुसरं. किलोवॅट ही धार आहे, या क्षणी किती जोराने वीज येतेय ते. युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, ही भरलेली कळशी. एक किलोवॅटची धार तासभर चालली की एक युनिट. बिल कळशीचं येतं आणि सोलर धारेच्या मापाने विकलं जातं. निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

"तीन किलोवॅट बसवलं म्हणजे दिवसाला किती?" असं काकींनी विचारलं. गोव्यात वर्षभराची सरासरी धरली तर एका किलोवॅटमागे रोज साधारण चार युनिट मिळतात. तीन किलोवॅटला बारा, महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. तुमचं बिल महिना दीडशे युनिटचं असेल तर तुम्हाला तीन किलोवॅट लागतच नाही. हे विकणारा सांगेलच असं नाही, म्हणून कोटेशन हातात घेण्याआधी वर्षभराची बिलं हातात घ्यावी.

## ५४० ची प्लेट ५४० का देत नाही?

काकींच्या कागदावर ५४० वॅटच्या सहा प्लेटी होत्या. सहा गुणिले ५४० म्हणजे ३,२४० वॅट, तेच ते ३.२४ केडब्ल्यूपी. शेवटचा 'पी' पीकचा, म्हणजे कमाल. हा आकडा कारखान्यात मोजतात. दर चौरस मीटरला १,००० वॅट एवढा उजेड आणि सेलचं, म्हणजे प्लेटीतल्या वीज करणाऱ्या तुकड्याचं, तापमान २५ अंश. एवढा उजेड आपल्याकडे दुपारी मिळतो. पण तेव्हा २५ अंश? आपल्या टेरेसवर?

मे महिन्यात भर दुपारी प्लेटीच्या आतला सेल ६० ते ६५ अंशांपर्यंत तापतो, आणि तापलं की त्यातलं सिलिकॉन सुस्तावतं. ही सुस्ती डेटाशीटवर, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावर, 'टेम्परेचर कोइफिशंट' या नावाने असते, समजा उणे ०.३५ टक्के दर अंशाला. ६५ उणे २५ म्हणजे ४० अंश, गुणिले ०.३५, म्हणजे १४ टक्के घट. ५४० ची प्लेट त्या क्षणी ४६५ च्या आसपास देते. सोलरला ऊन हवं असतं, उकाडा नको असतो. म्हणून प्लेट छताला चिकटवू नये. खालून वारा खेळायला हवा. पत्र्याच्या शेडवर प्लेटी अगदी पत्र्याला टेकवून बसवतात तेव्हा हेच विसरलं जातं.

यातून आणखी एक शंका सुटते. प्लेटी ३.२४ च्या आणि इन्व्हर्टर ३ चाच, ही फसवणूक तर नाही? नाही. प्लेटी ३,२४० सहसा देतच नाहीत, मग त्या मापाचा इन्व्हर्टर कशाला? फक्त लक्षात ठेवा, सबसिडी मोजताना प्लेटी आणि इन्व्हर्टर या दोन आकड्यांतला लहान धरतात.

## झगमगीत शब्द, पटकन

मोनो, पर्क आणि टॉपकॉन ही सेल बनवण्याच्या पद्धतींची नावं. जुन्या निळसर प्लेटी पॉली, हल्लीच्या काळ्या मोनो. पर्क आणि टॉपकॉन ही मोनोचीच सुधारलेली भावंडं. टॉपकॉनचं टेम्परेचर कोइफिशंट थोडं सौम्य असतं, साधारण उणे ०.३, आणि आपल्या उकाड्यात तेवढं कामी येतं.

'एफिशियन्सी २१ टक्के' वाचून काकी हिरमुसल्या, "एवढी कमी?" अडीच चौरस मीटरच्या प्लेटीवर अडीच हजार वॅटचा उजेड पडतो, त्यातून साधारण ५४० ची वीज होते, एवढाच याचा अर्थ. ऊन फुकट आहे. एफिशियन्सीचा प्रश्न जागा कमी असेल तेव्हाच. टेरेस मोकळी असेल तर दोन टक्क्यांसाठी जास्त पैसे मोजण्यात काही राम नाही.

बायफेशियल म्हणजे मागूनही उजेड घेणारी प्लेट. उंच स्ट्रक्चर आणि खाली पांढरी टेरेस असेल तर छान. लाल पत्र्याला टेकवून बसवली तर तिची पाठ अंधारात, म्हणजे त्या गुणाला अर्थ नाही.

डीसीआर म्हणजे सेल आणि प्लेट दोन्ही भारतात बनलेली. सूर्यघरची सबसिडी यावरच मिळते. तीच ताकद, पण बिगर-डीसीआर प्लेट स्वस्त असते. कोटेशन संशयास्पद स्वस्त असेल तर हा शब्द शोधा.

## माडाच्या झावळीचा हिशेब

गोव्यात माड नाही असं घर शोधावं लागेल. "एवढीशी झावळीची सावली, तीही सकाळी तासभर, तिने काय होतंय?" बरंच होतं.

प्लेटीतले सेल एकामागून एक जोडलेले असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. रस्ता कितीही रुंद असला तरी मध्ये अरुंद साकव आला की वाहनं साकवाच्याच वेगाने जातात. सावलीतला सेल हा तो साकव. एका सेलवर सावली पडली की त्याच्या ओळीतल्या सगळ्यांचा प्रवाह आटतो, आणि वर तो सेल तापतो ते वेगळंच.

याला उपाय म्हणून प्लेटीत बायपास डायोड घालतात, बहुधा तीन. डायोड म्हणजे खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीचं दार. पाण्याच्या दाबानेच उघडतं, पाण्याच्या दाबानेच मिटतं, आणि एकाच बाजूला जाऊ देतं. साकव अडला की प्रवाह या दारातून वळसा घेतो. तेवढा एक तृतीयांश भाग गमावतो, बाकीचा चालू राहतो. हाफ-कट प्लेटीत सेल अर्धे कापून वरची आणि खालची अशा दोन फळ्या केलेल्या असतात. खालच्या फळीवर सावली असली तरी वरची काम करते. झगमगीत शब्दांत हा एक मला मनापासून आवडतो.

तरीही सावली मोठी असेल तर मायक्रो-इन्व्हर्टरचा विचार करावा. प्रत्येक प्लेटीमागे छोटा स्वतंत्र इन्व्हर्टर, म्हणजे एकीचं दुखणं दुसरीला लागत नाही. महाग पडतो. माड तोडण्यापेक्षा बरा, असं माझं मत. काकींचंही तेच.

आणि दिशा? "छप्पर दक्षिणेकडे नाही, तुमचं जमणार नाही" असं काहीजण सांगतात. गोवा साडेपंधरा अक्षांशांवर आहे. मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि मधल्या काळात तर उत्तरेकडे झुकलेला. पंधरा अंशांच्या आसपास कल आणि तोंड दक्षिणेला ही उत्तम मांडणी खरी, पण सौम्य उताराच्या पूर्व-पश्चिम छपरावरही आपल्याकडे फार तोटा होत नाही.

मात्र तेव्हा एमपीपीटी किती आहेत ते पाहावं. अनमोड घाटात बसचा ड्रायव्हर चढ पाहून गिअर बदलतो तसं ढग, ऊन, तापमान पाहून प्लेटींकडून जास्तीत जास्त वीज काढून घेणारी इन्व्हर्टरमधली सोय म्हणजे एमपीपीटी. निम्म्या प्लेटी पूर्वेला, निम्म्या पश्चिमेला असतील तर सकाळी एकीचा चढ असतो तेव्हा दुसरीचा उतार. दोघींना दोन गिअरबॉक्स हवेत, म्हणजे दोन एमपीपीटी. कौलारू, दोन उतारांच्या घरांना हे विशेष लागू.

## "इन्व्हर्टर तर आमच्याकडे आहेच!"

आहे, पण तो वेगळा. आपण ज्याला घरात इन्व्हर्टर म्हणतो, खाली बॅटरी आणि तिला महिन्या-दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर, तो लाईट गेल्यावर जागा होतो. प्लेटीतून येते ती डीसी वीज, टॉर्चच्या सेलसारखी एकाच दिशेची. घरात आणि खांबावर असते ती एसी, सेकंदाला ५० वेळा हेलकावणारी. डीसीची एसी करून खांबावरच्या विजेत मिसळणारा तो सोलरचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर. तो लाईट असतानाच काम करतो आणि लाईट गेली की झोपतो.

हे वाक्य ऐकून काकी उठून जायच्या बेतात होत्या.

## लाईट गेली की सोलरही बंद? मग काय उपयोग?

सगळ्यांत जास्त भांडणं यावरून होतात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

भजनात पखवाज ठेका धरतो आणि टाळकरी त्याच्या मागे जातात. पखवाज थांबला की टाळ थांबतात. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर हा टाळकरी आहे. त्याचा स्वतःचा ठेका नसतो. लाइनवरच्या पन्नास हेलकाव्यांना तो आपला टाळ जुळवतो. लाइन गेली की तो क्षणार्धात हात आखडतो.

हे मुद्दाम केलेलं असतं. जुलैच्या पावसात फांदी पडून वायर तुटली, लाइनमन वरून लाइन बंद करून खांबावर चढला, आणि त्याच वेळी तुमच्या टेरेसवरून त्याच वायरीत वीज शिरत राहिली तर? ते टाळणाऱ्या बंधनाला अँटी-आयलंडिंग म्हणतात. ते काढून टाकता येत नाही आणि "सेटिंग करून देतो" म्हणणाऱ्याला घरात घेऊ नये.

लाईट गेल्यावरही सोलर चालू हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. हायब्रिडकडे स्वतःचा पखवाज असतो. लाइन गेली की तो घराला लाइनपासून तोडतो आणि आतल्या आत ठेका धरतो. हिशेब सोपा आहे. फ्रिज, तीन पंखे, चार दिवे आणि वायफाय मिळून सरासरी ४०० वॅट धरा. पाच युनिटच्या लिथियम बॅटरीतले साडेचार वापरता आले तर अकरा तास निघतात. एअर कंडिशनर आणि गिझर त्यात बसत नाहीत. बॅटरी लावली म्हणून सबसिडी वाढत नाही.

माझं स्पष्ट मत असं की लाईट आठवड्यातून तास-दोन तास जात असेल तर ऑन-ग्रिड सोलर बसवा आणि घरातला जुना इन्व्हर्टर आहे तसा राहू द्या. दोघे एका घरात सुखाने नांदतात. पावसाळ्यात दिवस-दिवस अंधार असणाऱ्या सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातल्या वाड्यांचं गणित वेगळं.

## नेट मीटर: पोसरकाराची वही

दिवसा घरात वापरून उरलेली वीज खांबाकडे जाते, रात्री खांबाकडून येते. वीज खात्याचा नेट मीटर दोन्ही मोजतो आणि बिल फरकाचं येतं. पोसरकाराच्या, म्हणजे दुकानदाराच्या, वहीत आपले नारळ जमा आणि त्याची साखर नावे लिहिल्यासारखं.

इथे हमखास तक्रार येते, "मोबाईलवर १४ युनिट दाखवलं आणि मीटरवर ९ च जमा. पाच कुणी खाल्ली?" तुम्हीच. दुपारी फ्रिज, पंप, मिक्सर चालला तो प्लेटींच्या विजेवर चालला. ती वीज मीटरपर्यंत पोचलीच नाही. मोबाईलचा आकडा एकूण पिकाचा, मीटरचा आकडा बाजारात गेलेल्या पिकाचा.

बिल अगदी शून्य होतं का? फिक्स्ड चार्ज राहतोच. कोटेशनवर 'शून्य बिल' असं मोठ्या अक्षरात असेल तर त्या ओळीला आपण जाहिरात म्हणू.

## पावसाचे चार महिने

"आमच्याकडे जून ते सप्टेंबर सूर्य दिसत नाही, इथे सोलर म्हणजे वेडेपणा." प्लेटीला सूर्याचं बिंब लागत नाही, उजेड लागतो. ढगाळ दिवशीही वीज होते, पण कमी. जुलैत एका किलोवॅटमागे रोज दोन-अडीच युनिट, तेच एप्रिलमध्ये पाचच्या आसपास. चार युनिटची सरासरी हा पाऊस धरूनच निघते. पाऊस प्लेटी फुकटात धुतोही. डिचोली भागात खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ बसते, तिथे मात्र उन्हाळ्यात आपणच बादली उचलायची, पहाटे किंवा संध्याकाळी. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतायचं नाही.

## आता तळाची ओळ

काकींच्या कागदावर सगळ्यांत खाली होतं: 'स्ट्रक्चर: प्री-जीआय'. मी पेन्सिलीने गोल केला तो याच शब्दाभोवती.

लोखंड गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा थर देतात. हॉट-डिप म्हणजे कापून, भोकं पाडून झालेलं लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून काढणं. थर साधारण ८० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीइतका. प्री-जीआय म्हणजे आधीच जस्त चढवलेला पत्रा नंतर कापून-वाकवून केलेलं स्ट्रक्चर. थर एका बाजूला २० मायक्रॉनच्या आसपास आणि कापलेल्या कडा उघड्या. कोरड्या प्रदेशात तेही चालून जातं. हरमल-मोरजीच्या खाऱ्या वाऱ्यात, वर तीन हजार मिलिमीटर पाऊस, तिथे त्या कडांवर तांबेरा दिसायला फार पावसाळे लागत नाहीत. प्लेट पंचवीस वर्षांची आणि तिचे पाय सात वर्षांचे, असं होऊन बसतं. नट-बोल्टही स्टेनलेसचे हवेत, ३०४ प्रतीचे. समुद्र जवळ असेल तर ३१६. आणि टेरेसवर नव्याने भोक पाडलं तर तिथलं जस्त गेलं. त्यावर झिंकचा लेप मारून घ्यावा, समोर उभं राहून.

त्यावरच्या ओळीत डीसीडीबी, एसीडीबी, एसपीडी, एलए. पहिल्या दोन संरक्षणाच्या पेट्या, एक प्लेटींच्या बाजूची, एक घराच्या. एसपीडी म्हणजे विजेचा अचानक उसळलेला लोंढा जमिनीत वळवणारा पहारेकरी. एलए म्हणजे वीज पडली तर ती अंगावर घेणारी छतावरची सळी. मे आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात हे दोघे नसतील तर पहिला बळी इन्व्हर्टरचा जातो. पण दोघांचंही काम अर्थिंगवर अवलंबून असतं. अर्थिंगचे खड्डे तीन हवेत: डीसीचा, एसीचा आणि एलएचा वेगळा. चिऱ्याच्या कातळात खणणं जिवावर येतं आणि उन्हाळ्यात तिथे ओल राहत नाही. म्हणून एका खड्ड्यात तिन्ही वायरी घालून मोकळं होण्याचा मोह फार. खड्डे मोजा.

आणि एक धोका कोटेशनवर लिहिलेला नसतो. सहा प्लेटी एकापुढे एक जोडल्या की टोकाला ३०० व्होल्टपर्यंत डीसी असते. घरातला मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत प्लेटीपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर जिवंतच. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. माकडांनी वायर ओढली, कनेक्टर सैल झाला, तर हात न लावता बसवणाऱ्याला बोलवायचं.

वॉरंटीच्या तीन ओळी असतात आणि लोक सगळ्यांत मोठी वाचतात. '२५ वर्षं' ही परफॉर्मन्स वॉरंटी: पंचवीस वर्षांनी प्लेट मूळ ताकदीच्या ८० टक्के किंवा थोडी जास्त वीज देईल एवढंच वचन. काच तडकली, फ्रेम सुटली, आत पाणी शिरलं, तर लागते प्रॉडक्ट वॉरंटी, ती बहुधा १० किंवा १२ वर्षांची. इन्व्हर्टरची निराळी, ५ ते १० वर्षं. आणि स्ट्रक्चरची? काकींच्या कागदावर ती ओळच नव्हती.

त्यांनी तिथूनच फोन लावला. स्पीकरवर ठेवला. "बाबा, तुमच्या लोखंडावर जस्त किती मायक्रॉन?" पलीकडे जरा शांतता. मग, "काकी, बघून सांगतो." संध्याकाळी नवीन कोटेशन आलं: हॉट-डिप, ८० मायक्रॉन, किंमत नऊ हजारांनी जास्त. काकींनी ते उलटं धरून वाचायला घेतलं आणि मला विचारलं, "हे खालून वर म्हणजे असंच ना?"